चंद्रभानचं डावं फुप्फुस

पिंपळदरा, ता. नरखेड
९ मार्च १९८३

प्रिय रवी,

जयभीम. तू नागपूरला छातीचा डॉक्टर झाल्यापासून गावातली निम्मी माणसं मला म्हणतात, तुझ्या दोस्ताला चिठ्ठी दे. मी टाळत आलो. आज दुखणं माझ्याच घरात आहे, तेव्हा लाज सोडून लिहितो. शाळेत एका बाकावर बसून तू माझी गणितं सोडवायचास आणि मी तुला संत्री चारायचो. हेही एक गणितच समज.

चंद्रभान, माझा धाकटा भाऊ. तू पाहिलास तेव्हा चड्डीत होता, आता चोवीस वर्षांचा बाप्या झालाय. जानेवारीच्या शेवटापासून खोकतो. विहिरीवर मोटर सुरू करायला जातो तर वाटेत दोनदा खाली बसतो. संध्याकाळी अंग कोमट लागतं, पॅन्ट कमरेवर राहत नाही. मधे आठवडाभर त्याची मान आणि गाल फुगले होते. दाबलं की बोटाखाली कुरकुर वाजायचं, जाड्या मिठात बोट घातल्यासारखं. आमच्या चंपतराव कंपौंडरनं लेप दिला, सूज उतरली. खोकला मात्र राहिला.

माय म्हणते नजर लागली. गोपिका, म्हणजे त्याची बायको, काहीच म्हणत नाही, नुसती माझ्याकडे पाहते. त्यांची दीड वर्षाची पोर बापाच्या छातीवर झोपायची. आता तिचं वजन त्याला सोसत नाही. तिला खाली ठेवली की ती रडते आणि मग तोही तोंड फिरवतो.

कधी घेऊन येऊ ते कळव. माझं डोकं चालेनासं झालंय.

तुझा,
रुपराव


नागपूर
१४ मार्च १९८३

प्रिय रुपराव,

रामराम. सोमवारी सकाळच्या एसटीनं त्याला घेऊन ये. उपाशी आणू नकोस, तपासणीला उपास लागत नाही. तुमच्याकडची माणसं रोग्याला दोन दोन दिवस कोरडं ठेवून आणतात. आणि संत्र्यांची लाच नको. इथले शिपाई ती माझ्यापर्यंत पोचूच देत नाहीत.

बहुतेक न्यूमोनिया होऊन गेला असेल. जीव टांगणीला लावून बसू नकोस.

रवी


नागपूर
२ एप्रिल १९८३

प्रिय रुपराव,

तू गेल्यावर चंद्रभानचे सगळे रिपोर्ट हातात आले. छातीच्या फोटोत डावी बाजू पांढरीफटक आहे. डावं फुप्फुस मिटून गेलंय, त्यात हवाच जात नाही. बेडका तीनदा तपासला, टीबीचे जंतू सापडले नाहीत. पण नाही सापडले म्हणजे टीबी नाही, असं होत नाही. आपल्या भागात असा फोटो आला की कारण बहुतेक वेळा टीबीच निघतं. मी टीबी धरून औषध सुरू करतोय. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं रोज एक, तीन महिने. चंपतरावांना चिठ्ठी दिली आहे. बेडक्यात जंतू नाहीत, म्हणून फार भिण्याचं कारण नाही, तरी पोरीला दोनेक महिने अंगाखांद्यावर घेऊ नये.

एक गोष्ट मनातून जात नाही. तपासताना मी त्याला विचारलं, "छातीले कधी मार लागला होता का गा?" त्यानं आधी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "नाही गा, काहूनचा मार?" मग तोही नाही म्हणाला. फासळ्या सगळ्या शाबूत दिसतात, म्हणून मी पुढं उकरलं नाही. तरी घरी बसून शांतपणे आठव. कुठं पडला, झडला, बैलानं ढुशी दिली, काहीही असेल तर लिही. फुकट शंका घेतोय असं वाटलं तरी लिही.

रवी


पिंपळदरा
११ एप्रिल १९८३

प्रिय रवी,

इंजेक्शनं सुरू झाली. चंपतराव सुई उकळून घेतात, मी स्वतः उभा असतो.

माराचं विचारलंस. अरे, मार कुठला? तुला तर सगळं ठाऊक आहे. माझे वडील शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवताना छकडीखाली गेले तेव्हा आपण आठवीत होतो. तू स्मशानात आला होतास. त्याच संध्याकाळी मायनं आम्हा दोघा भावांचे हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतले. म्हणाली, "तुमच्यातल्या कोनं पटात बैल पळवले, त माह्यं मेलेलं तोंड पाहान." चंद्रभान तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याला शपथ म्हणजे काय तेही कळत नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरची जोडी शेताच्या बाहेर पळाली नाही. मग मार लागणार कशानं? आमचे बैल म्हणजे गरीब गाय.

बाकी, टीबीचं नाव गावात फुटलं. चंपतरावांच्या बायकोच्या पोटात काही राहत नाही. मायनं चंद्रभानची खाट संत्र्याच्या बागेतल्या झोपडीत हलवली. ताट, लोटा, पांघरूण सगळं वेगळं. तू दोन महिने पोरीला दूर ठेव म्हणालास, पण इथं कोणाला मोजून भिता येत नाही. गोपिका बांधावर भाकर ठेवते आणि तिथूनच हाक मारते.

रुपराव


पिंपळदरा
३ जुलै १९८३

प्रिय रवी,

तीन महिन्यांची इंजेक्शनं संपत आली. खोकला थोडा कमी आहे, दम तेवढाच आहे. पण दुसरंच काहीतरी उपटलंय. महिन्याभरापासून कानात रात्रंदिवस झिंगुर किर्र ओरडतात म्हणतो. चालताना झिंगतो. परवा चंपतराव हसून म्हणाले, "हा बागेत बसून पिऊन राहिला वाटते." मी त्यांना चार शब्द सुनावले. काल मी मागून तीन हाका मारल्या, त्यानं वळून पाहिलं नाही. मला वाटलं रागावला. पुढं जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकला.

पोर बांधावरून "बाबा, बाबा" करते. ती नवीन शब्द बोलायला लागली आहे आणि याला ऐकू येत नाही.

रुपराव


नागपूर
७ जुलै १९८३

रुपराव,

इंजेक्शन आजपासून बंद. उरलेली असतील ती फेकून दे. त्या औषधानं कान जातात. दर आठवड्याला ऐकू येतं का, तोल जातो का, ते विचारायचं मी चंपतरावांना लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. गेलेलं ऐकणं सहसा परत येत नाही, हे तुला आत्ताच सांगतो.

तीन महिन्यांत टीबीचा फोटो थोडा तरी बदलायला हवा. त्याला लगेच घेऊन ये. पेरणी असली तरी ये.

रवी


नागपूर
२ सप्टेंबर १९८३

रुपराव,

जुलै गेला, ऑगस्ट गेला. माझ्या दोन कार्डांना तू उत्तर दिलं नाहीस. का आला नाहीस ते आता कळलं.

आमच्या वॉर्डात धोंडबा म्हणून पांढुर्ण्याकडचा एक दमेकरी आहे. बोलका माणूस, दम लागेपर्यंत बोलतो. नरखेडकडच्या बैलांचा विषय निघाला, तर खाटेवर उठून बसला. म्हणे, "काय जोडी होती सायेब, पिंपळदऱ्याच्या रुपरावची! संक्रांतीनंतरच्या पटात पहिलीच येत होती. पन छकडी उलटली अन् धुरकरी खाली आला. चाक छातीवरून गेलं त्याच्या. अन् तो पठ्ठ्या उठला, माती झटकली अन् बैलं धरून चालत गेला!" मी विचारलं, छकडी हाकणारा धुरकरी कोण होता? तो म्हणाला, "रुपरावचाच भाऊ, चंद्रभान."

एप्रिलमध्ये मी हात जोडून विचारलं होतं. तू मला बापाच्या मरणाची गोष्ट सांगून गप्प केलंस. ज्या शपथेची ढाल केलीस तीच मोडून तो खाली आला होता आणि तू ते पाहत उभा होतास. मी तीन महिने नसलेल्या रोगाचं औषध दिलं. त्याचे कान गेले, पोर दुरावली. तुझ्या एका ओळीनं हे सगळं वाचलं असतं.

त्याला आण. तुला तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर गोपिकासोबत पाठव.

रवी


पिंपळदरा
८ सप्टेंबर १९८३

रवी,

शिव्या दे. कमीच दिल्यास.

बैलं मी चोरून तयार केली होती. दोन वर्षं. पहाटे नदीच्या रेतीत पळवायचो आणि मायला सांगायचो पाण्यावर नेतो. बापाचा वारसा म्हण, खाज म्हण. इथल्या पटात ओळखीचे डोळे असतात, म्हणून पार पांढुर्ण्याकडे नेली. माझं वजन जास्त, म्हणून धुरकरी चंद्रभान. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, "तू तेव्हा सहा वर्षांचा होता गा, लहान पोराची शपथ थोडी लागते?" त्यावर तो हसला आणि चढला.

पडल्यावर तो उठला तेव्हा मी देवाचे आभार मानले. अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं. परत येताना मीच त्याला सांगितलं, मायला कळता कामा नये. मग मान फुगली. मला आतून माहीत होतं की हे त्या पडण्याचंच आहे. दवाखान्यात तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं. टीबी म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं, रवी. वाटलं, म्हणजे माझ्यामुळं नाही झालं, आणि मायही वाचली. शपथेनं माणूस मरतं की नाही मला ठाऊक नाही. मायला मात्र ठाऊक आहे. तिला कळलं असतं तर तिनं अन्न सोडलं असतं.

सोमवारी घेऊन येतो.

रुपराव


नागपूर
२६ सप्टेंबर १९८३

प्रिय रुपराव,

तू काल गावी गेल्यावर आमचे सर्जन मनोहररावांनी चंद्रभानच्या श्वासनळीत दुर्बीण घातली. मी शेजारी उभा होतो.

श्वासनळी छातीत उतरून दोन फाट्यांत विभागते, एक उजव्या फुप्फुसाला, एक डाव्या. त्याचा डावा फाटा मुळाशीच तुटलाय आणि टोक बंद होऊन तिथं नुसती भिंत दिसते. तरुण माणसाची छाती लवचिक असते. चाकाखाली फासळ्या वाकल्या, मोडल्या नाहीत, आणि आतली नळी तटकन तुटली. हे फार क्वचित दिसतं. मनोहररावांनी आयुष्यात दोनच पाहिलेत, मी एकही नाही.

तुटलेल्या नळीतून हवा निसटून कातडीखाली शिरते. मग मान फुगते आणि दाबली की कुरकुरते. हे पुस्तकात लिहिलेलं आहे. आणि रुपराव, तू ते तुझ्या पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, मिठात बोट घातल्यासारखं म्हणून. मी काल ते पत्र काढून पुन्हा वाचलं. मार्चमध्ये वाचलं आणि सोडून दिलं, कारण मला लेप आणि नजर एवढंच दिसलं. तू खोटं बोललास हे खरं. पण खरं काय ते त्याची मान मला सांगत होती. तुला मी जे खरमरीत लिहिलं त्यातलं निम्मं मलाच लिहायला हवं होतं.

आता कामाचं. नळी पूर्ण तुटली आणि तोंड बंद झालं, म्हणून आत घाण गेलेली नाही. फुप्फुस मिटलंय, सडलेलं नाही. छाती उघडून दोन टोकं जोडली तर ते पुन्हा भरू शकतं. आठ महिन्यांनंतर टाके धरतील का, याची खात्री मनोहरराव देत नाहीत. न करावं तर एका फुप्फुसावर जगेल, पण त्यात पू झाला तर काहीच हातात राहणार नाही. मी पाटीवर लिहून चंद्रभानला सगळं सांगितलं. त्यानं पाटी घेतली, पुसली, आणि लिहिलं, "करा. पोरीले उचलता आलं पाहिजे."

११ ऑक्टोबर ठरली आहे. रक्तासाठी तू आणि तुझे दोन चुलतभाऊ दोन दिवस आधी या.

रवी


नागपूर
१८ ऑक्टोबर १९८३

प्रिय रुपराव,

तू संत्र्याच्या तोडीसाठी गेलास म्हणून घाईनं लिहितो. आज आठवा दिवस. फोटो काढला. डावी बाजू काळी आहे, म्हणजे हवेनं भरलेली! वॉर्डातल्या सिस्टर, शिपाई सगळे फोटो पाहायला आले. चंद्रभान स्वतःचा हात डाव्या बाजूवर ठेवून बसला होता. स्वतःचा आवाज त्याला नीट ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोलतो. अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असा ओरडला, "भाऊ, इकडूनही हवा जाऊन राहिली ना!" गोपिका पदर तोंडाला लावून रडली. मीही बाहेर जाऊन चष्मा पुसला.

दसऱ्याची दीक्षाभूमीवरची गर्दी आता ओसरली, बसला जागा मिळेल. या रविवारी पोरीला घेऊन ये. त्याच्याजवळ बसू दे तिला. टीबी कधी नव्हताच, मायलाही सांग. कसं सांगायचं ते तू ठरव.

रवी


पिंपळदरा
३१ ऑक्टोबर १९८३

रवी,

गुरुवारी तुझ्याशी एक शब्द न बोलता चंद्रभानला गाडीत घालून घेऊन आलो. राग नव्हता. तोंड उघडलं असतं तर मी तिथंच बसलो असतो आणि त्याला घरी कोणी आणलं असतं?

गोपिका सांगते, सकाळी चहाचा कप त्याच्या हातात होता, ठसका लागला आणि तोंडातून रक्त आलं ते थांबलंच नाही. तू धावत आलास, मनोहरराव आले, टाके आतून सुटले होते, एवढं तिला समजलं. तुमच्यात कोणी कमी पडलं नाही असंही म्हणते. रविवारी मी पोरीला आणली होती हे बरं झालं. चार दिवस आधी तरी त्यानं तिला मांडीवर घेतलं.

आता दुसरंच सुरू आहे. गावासाठी तो टीबीनंच मेला. त्याची झोपडी जाळली. गोपिकाला विहिरीवर बाया पुढं येऊ देत नाहीत, तिनं दोर धरला की पाणी ओतून देतात. पोरीला खोकला आला तर शेजारची दारं लागतात. गोपिकाच्या बापानं कळवलं, इतक्यात माहेरी आणू नका. मायसुद्धा नातीला दुरून पाहते. चोवीस वर्षांच्या पोराचं दुःख करायचं सोडून ती नातीचं तोंड धुताना हाताला फडकं गुंडाळते.

तू कागदावर लिहून दे की टीबी नव्हता. सही, शिक्का सगळं घाल. तेरवीला गाव जमेल तेव्हा वाचतो. फक्त माराचं लिहू नकोस. माय अजून जिवंत आहे.

रुपराव


नागपूर
३ नोव्हेंबर १९८३

प्रिय रुपराव,

सोबत दोन कागद आहेत. दोन्हींवर माझी सही आणि शिक्का आहे.

पहिल्यात एवढंच आहे की चंद्रभानला क्षयरोग नव्हता, त्याच्या बायकोला आणि मुलीला कसलाही धोका नाही. दुसऱ्यात हे आहेच, शिवाय शंकरपटात छाती दबून श्वासनळी तुटली, आणि ते ओळखण्यात डॉक्टर रवींद्र मेश्राम, म्हणजे मी, चुकलो, हेही आहे. पहिला वाचला तर लोक विचारतील, मग मेला कशानं? त्याला तुझ्याकडे उत्तर लागेल. एवढंच सांगतो. कुठला वाचायचा ते मी सांगणार नाही.

वॉर्डात त्या खाटेजवळून जाताना मला त्याचं ते ओरडणं ऐकू येतं. तेरवीला यावंसं वाटतं, पण तुमच्या पंगतीत माझ्यावरून आणखी काही नको, म्हणून येत नाही.

रवी


पिंपळदरा
३० नोव्हेंबर १९८३

प्रिय रवी,

तेरवी ८ तारखेला झाली. पंगतीला निम्मं गाव आलंच नाही. आले ते अंगणाच्या कडेला बसले, पाणी घरून आणलेलं.

जेवणं व्हायच्या आधी मी उभा राहिलो. खिशात दोन्ही कागद होते. पहिला काढला आणि वाचायला लागलो. एक ओळ वाचली, टीबी नव्हता, आणि समोरून एक म्हातारा म्हणाला, "मंग काहून मेला गा?" गोपिका भिंतीशी पोर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं मार्चपासून पाहत आली. मला तेव्हा उमगलं की तिला सगळं माहीत होतं. चंद्रभाननं सांगितलं असेल, आणि माझ्यासाठी गप्प राहायलाही सांगितलं असेल.

मी दुसरा कागद काढला आणि पूर्ण वाचला. तुझी चूक लिहिलेली ओळही वाचली, कारण ती गाळायचा हक्क मला नव्हता. वाचताना मायकडे पाहिलं नाही.

मग माय बोलली. रडली नाही, ओरडली नाही. जवळच्या बाईला मिठाचं विचारावं तशा आवाजात म्हणाली, "छकडी कोनं जुपली होती?"

मी म्हटलं, "मीनं."

ती उठली. गोपिकाच्या मांडीवरून पोर उचलली, फडकं न गुंडाळता, कडेवर घेतली आणि आत गेली.

आता विहिरीवर गोपिकाला कोणी अडवत नाही. बाया स्वतःहून तिचा दोर ओढून देतात. पोर आजीजवळ झोपते. मायनं अन्न सोडलं नाही, वेळेवर जेवते, नातीला भरवते. मला वाटलं होतं ती मरेल. ती मेली नाही, रवी.

परवा तिला ताप आला. तू मागे दिलेल्या गोळ्या आणि पाण्याचा लोटा घेऊन मी तिच्या खाटेजवळ गेलो. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ठेव तिथं. गोपिका देईन."

मी ठेवून आलो.

रुपराव